नटी झाली, मालकीण झाली

आमच्या आणि काकूंच्या घरामधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधकामाच्या वेळी गवंड्याने विचारलं होतं, अजून तीन थर चढवू का? काकूंचे मालक तेव्हा होते. ते म्हणाले, "कायले? बायकाईनं मंग बोलाव कुठून?" भिंत तशीच राहिली आणि त्या भिंतीवर कोपर टेकून माझी वीस वर्षं गेली.

मी घाटावरची, बुलडाण्याची. लग्न करून राजूर घाट उतरले आणि मोताळ्याची झाले. शाळेत मराठी शिकवते म्हणून काकू मला मॅडम म्हणतात. माझं काही चुकलं की मात्र 'शेवटी घाटावरचीच' म्हणतात.

तर मे महिन्यातली संध्याकाळ होती. मी पाण्याची मोटर लावायला उठले आणि तेवढ्यात लाइन गेली. पंखा नाही, पाणी नाही, मग घरात बसून करायचं काय? बाहेर आले. काकू बाजेवर वाळलेल्या कुरडया काढून परातीत रचत होत्या.

"मॅडम, एक इचारू? पन कोनाले सांगू नका."

काकूंचं 'कोनाले सांगू नका' माझ्यापर्यंत येतं तेव्हा गल्लीतली बाकीची घरं संपलेली असतात.

"पुन्याच्या नातीनं शिरेलीत काम केलं. नर्सचं. दोन दिस."

"अरे वा! बोलायला काय होतं?"

"एकच गोष्ट. डाक्टर, पेशंटनं बोट हालवलं. एवढंच."

"मग पेशंट उठला का?"

"कुठचा उठते! चार म्हैन्यापासून तसाच पडेल हाय. त्याचं नाही वं मले. पोरगी म्हनते, पैसे तीन म्हैन्यानं भेटन. कापसाचा व्यापारीबी आठ दिसात देते. हे कोनते सावकार आले तीन म्हैन्यावाले?"

मला यातलं थोडंफार ठाऊक आहे. माझ्या बहिणीचा दीर काही वर्षं मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करत होता, त्याच्याकडून ऐकलेलं. म्हटलं, काकू, नव्वद दिवसांचा वायदा त्या धंद्यात सर्रास चालतो. वाहिनी आपण होऊन मालिका बनवत नाही. ती निर्मात्याला सांगते, इतके भाग करून दे, भागाला इतके पैसे. मग निर्माता घर भाड्याने घेतो, कॅमेरा आणतो, जनरेटर आणतो. नटनट्या, मेकअपवाले, लेखक, स्पॉटबॉय, दोन वेळचं जेवण आणि मोजदाद नसलेला चहा. बिल वाहिनीकडे जातं, पैसे मागाहून येतात. तोवर गाडा निर्मात्याने रेटायचा आणि त्याने तो रेटताना पहिली कळ सोसायची ती नर्सने.

"म्हंजे पेरनीच म्हना की. बियानं आपलं, खत आपलं, मजूर आपले. आलं पीक तं आलं."

"आणि कसं आलं ते दर गुरुवारी कळतं. टीआरपीचा आकडा गुरुवारी येतो. चार गुरुवार वाईट गेले की मालिकेची वेळ हलवतात. आणखी चार गेले की मालिकाच जाते."

"मंग शानं मानूस या धंद्यात पडते काहून?"

प्रश्न बिनतोड होता. त्यातही ज्याने आयुष्यभर कॅमेऱ्यासमोर उभं राहून रोजचे पैसे घेतले, त्याने हा उद्योग अंगावर का घ्यावा? मला एकदम एक नाव आठवलं.

"काकू, 'लागिरं झालं जी' पाहायच्या ना तुम्ही?"

काकूंच्या हातातली कुरडई मोडली. "आज्या अन् शीतली! त्याईले कोन विसरन? आमच्या घरी त्या टायमाले कोनी जेवाले मांगत नव्हतं."

"त्याची मालकीण कोण होती माहीत आहे?"

"च्यानलवाले असन."

"श्वेता शिंदे."

"थे नटी? 'डॉक्टर डॉन'मधली डाक्टरीन?"

"तीच."

काकूंनी परात खाली ठेवली. नटी आणि मालकीण हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात एका ओळीत बसत नव्हते, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात बरेच दिवस बसले नव्हते. शेवटी जी नावं सरकतात ती आपण वाचतो कुठे? अर्धी अक्षरं दिसेस्तोवर पुढची मालिका सुरू.

श्वेता शिंदे साताऱ्याची. मराठीत, हिंदीत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांमधून कामं केली. मग संजय खांब्यांच्या भागीदारीत वज्र प्रॉडक्शन उभं केलं आणि 1 मे 2017 ला झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली. मालिका म्हटली की मुंबई-ठाण्याकडचा एखादा बंगला, त्यातला जिना आणि जिन्यावरून उतरणारी सासू, ही आपल्या डोळ्यांची सवय. कोल्हापूरकडे 'तुझ्यात जीव रंगला' तेव्हा चालू होती, पण असं करणारे मोजकेच. या बाईने आपला सगळा बाडबिस्तरा साताऱ्याला नेला. फौजेत जायचं वेड घेतलेला पोरगा, त्याच्या मित्रांचा कट्टा, शेत, तालुक्याची गाडी आणि बोलणं साताऱ्याचं. जून 2019 पर्यंत ती मालिका चालली. दोन वर्षं! शेवटी शेवटी रबरासारखी ताणली असं माझं मत, पण काकूंसमोर ते बोलायची सोय नाही.

"अन् जिजी!" काकू म्हणाल्या. "थ्या म्हातारीचं काम म्हंजे खरं काम. नटी वाटतच नव्हती."

"कमल ठोके. कराडच्या. आयुष्यभर शाळेत शिकवलं त्यांनी, निवृत्तीनंतर लोकांना जिजी म्हणून कळल्या. 2020 च्या नोव्हेंबरात गेल्या."

"गेल्या? माय!" काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तरीन होती, म्हनून आवाजात जोर होता. तुमचाबी हाय तसा, भितीच्या पार जाते."

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

एवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. त्या ब्लाऊज शिवतात, त्यामुळे लाइन गेली की त्यांच्या मशीनची मोटर बंद आणि पाय मोकळे. विषय कळताच त्यांनी आपली बाजू मांडली.

"मले ते 'देवमाणूस' नाही आवडलं. डाक्टर म्हनवते अन् बाया मारते. रातच्याले झोप नव्हती मले."

"मंग पाहे कायले तू?" काकू.

"सरू आजीसाठी."

इथे तिघींचं एकमत झालं. रुक्मिणी सुतार यांनी केलेली ती आजी, तिच्या त्या ठेवणीतल्या म्हणी. 'देवमाणूस' 2020 च्या ऑगस्टअखेर सुरू झाली. त्याआधी टाळेबंदीत तीन महिने चित्रीकरणं बंद होती, लोक घरात कोंडलेले, आणि त्यानंतर ही मालिका आली. वाईजवळच्या धोमचं जे प्रकरण 2016 साली उघडकीस आलं, त्यावर ती बेतलेली होती. खुनी माणसाला इतका देखणा, इतका गोडबोल्या करून रोज रात्री घरात आणावं का, हा वहिनींचा आक्षेप मला पटतो. पण एक गंमत बघा. तो डॉक्टर झालेला किरण गायकवाड 'लागिरं'मध्ये भैय्यासाहेब होता, खलनायक. त्याच बाईने त्याला पुढे आख्खी मालिका दिली. 'लागिरं'चा आज्या, म्हणजे नितीश चव्हाण, 2024 मध्ये 'लाखात एक आमचा दादा'मध्ये दादा होऊन आला, तीही वज्रचीच. मधे 'मिसेस मुख्यमंत्री' झाली, 'अप्पी आमची कलेक्टर' झाली. घरचा सालदार चांगला निघाला तर त्यालाच पुढल्या साली ठेवायचं, असा हा कारभार.

"अप्पी मले पटली," वहिनी म्हणाल्या. "माह्या पोरीनं त्याच्यापायी अभ्यासिका लावली."

"अन् गेली किती दिस?" काकूंनी विचारलं.

वहिनींनी विषय बदलला.

"पन मॅडम, नटीले मालकीन कायले व्हाव वाटते? चांगलं नटाव, पैसे घ्याव, घरी याव."

मी म्हटलं, नटीचं कसं असतं सांगू? आज काय घडणार याची पानं कधीकधी तिला सेटवर गेल्यावर मिळतात. रोजचे बारा-तेरा तास. आज तुम्ही नायिका. आकडा पडला की लेखक एक अपघात लिहितो आणि उद्यापासून तुम्ही हार घातलेल्या फोटोत. पस्तिशी गाठली की आईचं काम, चाळिशीत सासूचं. नटाला नायक म्हणून पन्नाशीपर्यंत मुभा, ती गोष्ट वेगळी. दहा-पंधरा वर्षं हे पाहिलेल्या बाईला वाटणारच, की तो अपघात लिहायचा का नाही हे एकदा आपण ठरवावं.

काकूंना हे झट्दिशी कळलं. "सासूच व्हाव लागनार असन, तं घर आपलं पाहिजे."

एवढं चांगलं मला सुचलं नसतं.

मग वहिनींना शर्मिष्ठा राऊत आठवली. 'जुळून येती रेशीमगाठी'त होती, मग बिग बॉस मराठीच्या पहिल्या पर्वात, आणि 2024 मध्ये 'नवरी मिळे हिटलरला'ची निर्माती. त्याच्याही आधी, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बांदेकर. आदेश बांदेकर 'होम मिनिस्टर' घेऊन 2004 पासून घरोघर फिरले, पैठण्या वाटल्या. सुचित्रा बांदेकर 'वहिनीसाहेब'मध्ये होत्या. त्याच घरच्या सोहम प्रॉडक्शनची 'ठरलं तर मग' डिसेंबर 2022 ला स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि आकड्यात वर जाऊन बसली.

"पैठनी वाटनाराच्या घरी लक्ष्मी यनारच," वहिनी म्हणाल्या. "आपल्या मोतायाले आले असते तं मी पयलीच पैठनी घेतली असती."

"तू? चमच्यात लिंबू धरून चालन का तुले?" काकू म्हणाल्या.

काकूंची गाडी मग जुन्या रस्त्याला लागली. त्यांच्या माहेरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि त्यावर बातम्या सांगणाऱ्या एक बाई त्यांना फार आवडायच्या. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. "स्मिता तळवलकर!" मी म्हटलं. त्या तर या सगळ्यांची आजी शोभतील. दूरदर्शनवर सतरा वर्षं बातम्या वाचल्या, अभिनय केला आणि पैसा लावून 'कळत नकळत' काढला. तो 1989 चा, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1991 ला 'चौकट राजा', त्यात स्वतः कामही केलं. पुढे 'अवंतिका' मालिका त्यांच्याच अस्मिता चित्रची, मृणाल कुलकर्णींची. 6 ऑगस्ट 2014 ला त्या गेल्या. त्या काळी बाईने चित्रपटाला पैसे उभे करायचे म्हणजे काय, हे त्या बातम्या ऐकताना आपल्याला कुठे कळत होतं?

"पन मॅडम," काकूंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता खरं बोलायचंय, "थो संभाजी महाराज झाला होता थो?"

"डॉ. अमोल कोल्हे. तेही मालक झाले की. आणि त्यांचा तर आपल्या जिल्ह्याशी संबंध."

नारायणगावचे, शिकून डॉक्टर झालेले. 2008 मध्ये स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती'त महाराज केले. ती निर्मिती नितीन चंद्रकांत देसाईंची, हे नुसते नट. 2017 च्या सप्टेंबरात 'स्वराज्यरक्षक संभाजी' आली तेव्हा भूमिकाही त्यांची आणि जगदंब क्रिएशनही त्यांचंच. ती चालू असतानाच 2019 ला ते शिरूरचे खासदार झाले. त्या मालिकेपायी घर विकावं लागल्याचं त्यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितलं होतं.

"घर इकलं?" काकूंनी आमच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं. "बायको काही म्हनली नाही?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

आणि 2019 मध्येच जगदंबने सोनी मराठीवर 'स्वराज्यजननी जिजामाता' आणली. आमच्या सिंदखेडराजाची लेक घराघरात आली. दर 12 जानेवारीला जिथे माणसांचा पूर लोटतो, लखुजीरावांच्या वाड्याचा तो दरवाजा जिथे अजून उभा आहे, तिथली गोष्ट. मी तर शाळेत मुलांना सांगत होते, बघा रे, आपल्या जिल्ह्यातलं आहे. काकूंनी ती मालिका एक दिवस चुकवली नाही. तक्रार मात्र एक होती.

"जिजाऊ चांगल्या दाखवल्या. पन आपल्या सारख्या एकदाबी नाही बोलल्या."

"काकू, राजघराणं होतं. आणि चारशे वर्षांपूर्वीची भाषा..."

"असन. पन पुन्यासारखी तं नसन ना?"

मी मराठीची शिक्षिका. मला यावर तासभर बोलता आलं असतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की बाईचं चूक काहीच नाही.

आमची बोली पडद्यावर येते ती हसवायला. अमरावतीचे भारत गणेशपुरे तोंड उघडतात आणि आम्ही हसून लोळतो, आम्हाला अभिमानही वाटतो. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका नागपूरची. वऱ्हाडी बोलणारी नायिका, साडेचार वर्षं चालली, मसाल्यातून धंदा उभा करणारी. ते काम केलं अनिता दाते यांनी, त्या नाशिकच्या. केलं झकास, तक्रार नाही. 'लागिरं'ची शीतलीसुद्धा मुंबईची शिवानी बावकर होती, साताऱ्याची भाषा शिकली. पण तिथे फरक असा की शीतलीच्या अवतीभोवतीचं सगळं गावच साताऱ्याचं होतं. एक चुकीचा शब्द निघाला असता तर चहा देणाऱ्या पोराने सुद्धा दुरुस्त केला असता. पैसे देणारी बाई त्या मातीतली, म्हणून लेखक, पोरं, म्हाताऱ्या, सगळं जवळचं घेतलं गेलं. वाहिनीच्या कचेरीत बसून हे ठरत नाही. नट कितीही मोठा झाला तरी त्याला ते ठरवता येत नाही, त्याच्या हातात कागद येतो तो बोलायचा. माझ्या लेखी श्वेता शिंदेंची खरी कमाई ही, आकडे येतात नि जातात.

"म्हंजे घाटाखालची गोष्ट टीव्हीवर याची असन तं घाटाखालचा मालक पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

"मालकीन," काकू म्हणाल्या.

मग त्या दोघींनी मिळून मालिका रचायला घेतली. नळगंगेच्या धरणावर नायिका पहिल्यांदा दिसणार. नायक मलकापूरच्या स्टेशनवर उतरणार आणि तिथून एसटीने येणार, कारण मोताळ्याला रेल्वे नाही. सासू घाटावरची ठेवायची, असं काकूंनी माझ्याकडे बघत सांगितलं. खलनायक कोण, यावर वाद झाला. वहिनींचं म्हणणं व्यापारी. काकूंचं म्हणणं मोठा दीर, कारण व्यापारी एकदाच फसवतो, दीर जन्मभर. मी सुचवलं की खलनायकाला काही चांगला गुणही असावा. दोघींनी मला असं पाहिलं की मी गप्प बसले.

काळोख पडायला लागला होता. काकूंनी कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि नातीला फोन लावला. स्पीकर लावायची गरज नव्हती, काकू फोनवर बोलतात तेव्हा पुण्याला तसंही ऐकू जात असेल.

"आयक. नर्स झाली नं, होऊ दे. पन पडेल मानसाजवय उभी राहून नुसती पेशंटकडे पाहू नको. थो कॅमेरावाला काय करते, थो पैशेवाला कोनाले काय सांगते, थे पाहून ठेव. काम्हून म्हंजे? श्वेता शिंदेनं पाहून ठेवलं म्हनून! ... कोन म्हंजे? तुले माहीत नाही? अन् म्हने शिरेलीत काम करते!"

पलीकडून नात काहीतरी म्हणाली. काकूंनी फोन बंद केला.

"काय म्हणाली?"

"म्हने आजी, मले पयले पैसे तं येऊ दे."

तेवढ्यात लाइन आली. गल्लीभर एकदम टीव्ही बोलायला लागले, वहिनी मशीनकडे पळाल्या, मी मोटर लावायला आत गेले.

ही गोष्ट मे महिन्यातली. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकूंनी भिंतीवरून हाक मारली आणि हातावर पेढा ठेवला. नातीचे पैसे खात्यात जमा झाले होते, दोन दिवसांचे, तीन महिने आणि अकरा दिवसांनी. पेशंट अजून शुद्धीवर आलेला नाही.